बेहड्यातली बाळंतीण

माले, ता. मुळशी
सोमवार, १२ मार्च २००१

ती. अनसूयाताईस,
सा. न. वि. वि.

फुलाबाईच्या बेहड्याच्या झाडातली ढोली शनिवारी लिंपून बंद झाली. बातमी गुरं राखणाऱ्या बारकूने आणली. काल सकाळी मी स्वतः जाऊन पाहिलं आणि फुलाबाईने दुजोरा दिला. धनेशाची मादी आत बसली आहे. बोटभर फट तेवढी उघडी आहे. नर बाहेरून त्या फटीतून तिला उंबरं भरवतो.

शाळेतून निवृत्त होऊन तू लेकीकडे, जान्हवीकडे नागपूरला गेलीस, त्यानंतरचा हा पहिला वसंत. एकोणीस वर्षं आपण फाल्गुन-चैत्रातला एकही रविवार घरात काढला नाही. तू मालेच्या शाळेची बाई, मी पौडचा पोस्टमास्तर. ही आते-मामे भावंडं पहाटे पिशवी घेऊन कुठे जातात, हे गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. बारकू कालही म्हणाला, "बाई हुत्या तवर लोकांस्नी वाटायचं, तुमी वर डोंगरात धन पुरलंय."

वहीचा तुझा नियम पाळतो आहे. एकाने पाहिलं ती गोष्ट, दोघांनी पाहिलं ती नोंद. तुझ्या जागी आता कधी बारकू येतो, कधी आमची सुलक्षणा. पण सापाच्या नोंदीला सुलक्षणाची साक्ष मिळत नाही. करवंदीच्या जाळीत हिरवागार हरणटोळ होता. हातभर अंतरावरून दाखवला. ती म्हणाली, "मला वेल दिसतेय. वेलच लिहा." त्यामुळे यंदा हरणटोळाची नोंद नाही.

ओढ्याचं पाणी आटत आलं आहे. ओल्या वाळूवर फुलपाखरं पाणी प्यायला बसतात, ती तुझी आवडती जागा अजून तशीच आहे. काळी, पाठीवर निळी शाई सांडल्यासारखी दिसणारी मोठी फुलपाखरं काल चार होती. पांगारा फुलला आहे. त्यावर मैना, कोतवाल, हळदे यांची रोजची भांडणं चालू आहेत.

जान्हवीस आशीर्वाद.

तुझा,
दयानंद

*

नागपूर
सोमवार, १९ मार्च २००१

चि. दयानंदास,
अनेक आशीर्वाद.

पत्र शनिवारी मिळालं. ओढ्याची वाळू वाचली आणि इथल्या तिसऱ्या मजल्यावर मला ओल्या मातीचा वास आला. जान्हवी म्हणाली, खाली नळ फुटलाय. असेल.

इथे खिडकीतून दोन पारवे आणि एक पाण्याची टाकी दिसते. सकाळी सहाला सवयीने जाग येते आणि मग करायला काही नसतं. डोळे मिटून मी चालायला लागते. शाळेच्या मागून, देवळाच्या पायऱ्यांवरून, फुलाबाईचा बेहडा उजव्या हाताला ठेवून वर. त्या वळणावर तू दर वेळी चपलेतला खडा काढायला थांबायचास. मीसुद्धा थांबते.

आता मुद्द्याचं. फुलाबाईचं घर वर, वस्तीवर. बेहडा खाली, रस्त्याकडच्या तुकड्यात. रविवारी सकाळी ती तिथे काय करत होती? तू "दुजोरा दिला" असं लिहून घाईने पुढच्या वाक्याला पळाला आहेस. तीस वर्षं लोकांची पत्रं पोचवलीस, पण स्वतःच्या पत्रात काही लपवायचं तुला जमत नाही.

मी चैत्राच्या शेवटी येते आहे. सुलक्षणाला सांग, साप मी दाखवीन.

अनसूया

*

माले
बुधवार, २८ मार्च २००१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू येण्याआधी सांगणारच होतो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बेहडा तुटणार होता.

फुलाबाईची रोहिणी गरोदर आहे. पहिलंच बाळंतपण. जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख आहे. पंधरा दिवसांत ती माहेरी येईल. वस्तीवरचं घर तुला माहीत आहे. एकच खोली, पश्चिमेची भिंत पावसाळाभर गळते, आणि वर गाडी जात नाही. म्हणून हनुमंतने ठरवलं की रस्त्याकडच्या तुकड्यात बहिणीसाठी विटांची, पत्र्याची एक खोली पावसाआधी उभी करायची. आखणी केली तेव्हा बेहडा नेमका खोलीच्या मधोमध आला. बाकी तुकडा खडकाचा उतार आहे. सरकारी परवानगीचा कागद आला, तोडणारी माणसं ठरली. त्या रविवारी फुलाबाई जागा झाडायला आली होती.

आता ते थांबलं आहे. मादी ढोलीतून बाहेर येईपर्यंत झाडाला कुऱ्हाड लागायची नाही, असं ठरलं आहे. हनुमंत माझ्याशी बोलत नाही. दिसला की मान वळवतो.

बाकी ठीक. देवळाच्या पायऱ्यांवर धामणीची कात मिळाली, अखंड. सुलक्षणाने तिला मात्र साक्ष दिली. आत साप नव्हता म्हणून.

दयानंद

*

नागपूर
गुरुवार, ५ एप्रिल २००१

चि. दयानंदास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला राग आला आहे. तो उतरेपर्यंत थांबणार होते, पण उतरत नाही.

पक्ष्यासाठी तू एका गरोदर मुलीची खोली अडवलीस. हनुमंत मान वळवतो, यात नवल काय? मुळशीचा पाऊस तू पाहिलेला नाहीस का? त्या गळक्या भिंतीपाशी रोहिणी तान्हं मूल घेऊन बसेल आणि तू खाली दुर्बीण लावून उंबरं मोजशील?

रोहिणी माझ्या तिसरीच्या वर्गात होती. एकदा वर्गात नानेटी शिरली. सगळी पोरं बाकावर चढली, आणि ही एवढीशी पोर खाली उतरून म्हणाली, "बाई, ती भ्यालीय. दार उघडा." मी दार उघडलं. नानेटी गेली. पुढे कितीतरी वसंतात साप दिसला की मला तिची आठवण यायची.

त्या मुलीच्या डोक्यावर छप्पर पाहिजे. बेहडा माझाही आहे, त्याच्याखाली मी किती वर्षं डबा खाल्ला. तरीसुद्धा सांगते, हनुमंतकडे जा आणि मोकळा हो.

माझं येणं रद्द. जान्हवीला रजा नाही.

अनसूया

*

माले
सोमवार, १६ एप्रिल २००१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणे हनुमंतकडे गेलो. फुलाबाई अंगणात नाचणी पाखडत होती. रोहिणी परवाच आली आहे, ती भिंतीला टेकून बसली होती. मी तुझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. रागासकट.

फुलाबाईने सूप खाली ठेवलं. म्हणाली, "बाईंस्नी लिवा, मास्तरांनी काय बी थांबवलं न्हाई. मास्तर त्या दिशी लई गुळमुळीत बोलत हुते. मीच थांबवलं."

"पाखरू हाय, आये," हनुमंत म्हणाला. हे संभाषण त्यांच्यात आधीही बरेचदा झालं असावं.

"पाखरू आसू दे, न्हाईतर कोन बी आसू दे. दार लिंपून बसल्याली बाळंतीन हाय ती. तिच्या अंगावर झाड पाडायचं, आन त्याच जागंवर माजी लेक बाळंत करायची? माज्या हातनं न्हाई व्हायाचं."

"मग किती दिस?"

"ती भाइर येस्तवर. आपल्यात न्हाई व्हय सव्वा म्हयना बसत?"

बारकू उंबऱ्यावर तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "हिचा दोन म्हयन्याच्या वर आसतोय."

"आसू दे. तिला घाई करायला सासू न्हाई."

रोहिणी हसली आणि पोटाला हात लावून म्हणाली, "आये, हसवू नगंस."

तेव्हा दोष माझा एवढाच, की मी "थांबलं आहे" असं लिहिलं आणि कोणी थांबवलं ते लिहिलं नाही. खरं सांगायचं तर तू ते श्रेय मला देशील, अशी थोडी आशा होती. हनुमंत आता बोलतो. म्हणाला, "मास्तर, मला वाटलं तुमीच आयेच्या डोक्यात भरवलं."

माणसं पुन्हा बोलवायचं ठरलं आहे. मेच्या मध्यात मादी बाहेर आली, तर पंधरा-वीस दिवसांत चार भिंती आणि पत्रा होतो, असं गवंड्याचं म्हणणं. जेमतेम जमेल.

दयानंद

*

नागपूर
मंगळवार, २४ एप्रिल २००१

चि. दयानंदास,

फुलाबाईला माझा नमस्कार सांग. मी इतकी वर्षं गावातल्या मुलांना शिकवलं, पण तिचं घर ओळखलं नाही.

सोबत पार्सलने जुन्या लुगड्याची दोन दुपटी पाठवते. एक रोहिणीच्या बाळाला. दुसऱ्याचं काय करायचं ते फुलाबाई ठरवेल.

इथला उन्हाळा फार आहे. दुपारी पडदे ओढून मी आपली जुनी वही मनातल्या मनात वाचते. नव्व्याण्णवचा चैत्र आठवतो का? ओढ्याकाठी नाचण पक्षी शेपटीचा पंखा करून नाचत होता आणि तू त्याच्यासारखी मान वळवून दाखवायला गेलास, ती आठ दिवस वळलीच नाही. कसल्याशा उग्र वासाच्या तेलाने सुलक्षणा तुझी मान चोळत होती आणि तू मला विचारत होतास, नोंद केलीस का.

उत्तराची घाई नाही. मला पंधरा-एक दिवस लिहायला जमेल असं वाटत नाही.

अनसूया

*

माले
सोमवार, १४ मे २००१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मादी बाहेर आली. काल सकाळी साडेसातला बारकूने पाहिलं, त्याच्यामागे पाच मिनिटांनी मी. ढोलीचं तोंड फुटलेलं, खाली मातीचे खपले, आणि ती शेजारच्या उंबरावर पंख पसरून बसलेली. शेपटीची पिसं पार मोडलेली. दोन महिने अंधारात काढलेल्या बाईला ऊन कसं लागत असेल ते पाहत आम्ही तिथेच बसलो. नोंद केली. दोन सह्या.

फुलाबाईला बोलावून दाखवलं. तिने हात जोडले. "सुटली बाई," एवढंच म्हणाली. मग हनुमंतला हाक मारून सांगितलं, माणसं बोलाव.

झाड येत्या शनिवारी, एकोणीसला तुटेल. वाल्मीक आणि त्याचे तिघं येणार आहेत. रोहिणीचे पाय सुजू लागले आहेत, तेव्हा आणखी उशीर नको असं सगळ्यांचं मत पडलं.

मी त्या दिवशी तिकडे जाणार नाही. सुलक्षणाला सांगून ठेवलं आहे, की मला काही काम दे.

बेहडा जाईल याचं वाईट वाटतं. पण सगळं रीतीने झालं, कोणाला उठवावं लागलं नाही, याचं समाधान आहे. तुलाही ते वाटेल म्हणून लगेच कळवतो.

दयानंद

*

तार
नागपूर, १८ मे २००१

पिल्ले आत. आई आधी निघते. झाड तोडू नका. पत्र मागून.
अनसूया

*

नागपूर
शुक्रवार, १८ मे २००१, दुपार

चि. दयानंदास,

तार केली आहे. गावातल्या दुकानाच्या फोनवर चार वेळा लावून पाहिलं, लागला नाही. तार वेळेवर पोचली की नाही, ते हे पत्र वाचताना तुला माहीत असेल. मला ते कळायला अजून आठवडा आहे.

धनेशाची मादी पिल्लांच्या आधी बाहेर पडते. पिल्लं मोठी झाली की आत तिघाचौघांना जागा पुरत नाही, आणि एकट्या नराला त्यांचं पोट भरता येत नाही. ती निघते आणि पिल्लं आतून ढोलीचं तोंड स्वतःच पुन्हा लिंपून घेतात. मग दोघं मिळून बाहेरून भरवतात. आणखी दोन आठवडे तरी.

हे मला माहीत होतं. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात, तू पोस्टाच्या तपासणीत अडकलेलास तेव्हा, मी एकटी ताम्हिणीच्या वाटेवर गेले होते. तिथल्या एका सातविणीच्या ढोलीत मी ते पाहिलं. आई बाहेर उंबरावर, आणि आतून दोन पिवळट चोची दाराला माती लावताहेत. तासभर बसले होते. वहीत लिहिलं नाही. एकटीने पाहिलेलं होतं. तुलासुद्धा सांगितलं नाही, कारण नियम माझा, आणि तुला हरणटोळावरून दोनदा मीच अडवलं होतं. वाटलं, पुढच्या वर्षी दोघं पाहू, मग लिहू. पुढच्या वर्षी सातवीण राहिली नव्हती.

तू वहीतून पाहून ठरवलंस. वहीत ते पान नव्हतं. ही चूक तुझी नाही.

आणि एक. जान्हवीच्या रजेचं मी खोटं लिहिलं. आठ मेला माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तुझं पत्र आज सकाळी आलं तेव्हा जान्हवी बँकेत होती. तीन जिने बसत बसत उतरले, रिक्षा केली, तारघरात गेले. तिथल्या माणसाने विचारलं, "आजी, कोणाचं बाळंतपण आहे?" मी म्हटलं, दोघींचं.

झालं असेल तर तसं सरळ लिही. मला सांभाळून घेऊ नकोस.

अनसूया

*

माले
गुरुवार, २४ मे २००१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झाड उभं आहे. पण अर्धंच म्हणायला हवं. धरणाकडच्या बाजूच्या सगळ्या फांद्या गेल्या. कसं झालं ते क्रमाने लिहितो.

शनिवारी सकाळी नारळ फोडून वाल्मीक झाडावर चढला. आधी फांद्या उतरवायच्या, मग बुंधा, असं त्यांचं काम. मी घरी जुनी कपाटं पुसत होतो. तुझी तार पौडला सकाळी आली. ती घेऊन एकनाथ निघाला, माझ्या हाताखाली शिकलेला तारवाला. एसटीतून येताना त्याला वळणावर बेहडा तुटताना दिसला. तारेतला मजकूर त्यानेच उतरवून घेतलेला. त्याने घंटी मारून गाडी थांबवली, खाली उडी टाकली आणि ओरडत सुटला. नियमाप्रमाणे तार आधी माझ्या हातात यायला हवी होती. तीस वर्षांत असं कोणी केलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता. या वेळी त्याला जेवायला घातलं.

मी पोचलो तेव्हा सगळे वर बघत उभे होते. हनुमंत म्हणत होता, "आई भाइर फिरतीया आन पोरं आत कोंडून? आसं कुटं आसतं व्हय?"

खरं सांगतो ताई, ढोली पुन्हा लिंपलेली होती. खालून स्वच्छ दिसत होती. तेरा तारखेला नोंद केल्यावर मी तिकडे मान वर करून पाहिलंच नव्हतं. बारकूनेही नाही. आमच्या लेखी ते प्रकरण संपलं होतं. वाल्मीकला ती माती दिसली, पण त्याला वाटलं जुनीच आहे.

फुलाबाई म्हणाली, "वाल्या, कान लाव."

वाल्मीकने बुंध्याला मिठी मारून कान लावला. मग म्हणाला, "आत कुनीतरी मला शिव्या देतंय."

खाली हसले सगळे. पण फुलाबाई हसली नाही. तिने विचारलं, "आन आयबाप?" दोघंही रस्त्यापलीकडच्या विजेच्या खांबावर बसले होते. गोंधळामुळे सकाळपासून एकदाही आले नव्हते. नर ज्या फांदीवर उतरून भरवायचा, ती फांदी तुकडे होऊन खाली पडली होती.

माणसं दूर गेली. फुलाबाई रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. अकरा वाजले, एक वाजला, तीन वाजले. रोहिणीने भाकरी आणली, ती तशीच राहिली. फुलाबाई म्हणाली, "मास्तर, म्या तिला इचारून माणसं बोलवाया हवी हुती. निस्तं तोंड बघून बोलावली." मी म्हटलं, बोलावली तुम्ही, पण मोकळीक दिली मी. ती म्हणाली, "तुमी बी तोंडच बघितलं."

साडेचारनंतर नर उडाला. दोनदा झाडाभोवती फिरला, उतरायला जागा मिळेना, परत खांबावर गेला. तिसऱ्या वेळी तो सरळ बुंध्यावर आला, सुतारपक्ष्यासारखा सालीला नखं रोवून, शेपटी टेकून. फटीतून चोच बाहेर आली. त्याने उंबर दिलं. मागून मादी आली, तीही तशीच लटकली. रोहिणी मोजत होती. अंधार पडेपर्यंत बावीस उंबरं आणि एक सरडा.

हनुमंतने करवत वाल्मीकच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "जावा आता. बोलावलं तर या." मग आईकडे वळून, "आन ताई कुटं बाळंत हुनार? तार केली का कुनी त्याची?"

यावर सुलक्षणा म्हणाली, "आमच्या मागच्या खोलीत. सिमेंटची आहे, गळत नाही, दारापर्यंत गाडी येते. आत यांच्या वह्या आणि पोस्टाची रद्दी आहे, ती मी उद्या बाहेर काढते." मला विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं. हे मार्चमध्येच मला सुचायला हवं होतं. दोन महिने मी झाड आणि खोली यांच्यामध्ये उभा राहून दोघांची काळजी करत होतो, आणि माझ्याच घरात एक खोली रिकामी होती.

फुलाबाईने आधी नको म्हटलं. मग म्हणाली, "बाळंतिणीचं शेक-शेगडी म्या करनार. तुमच्या घरात धूर हुईल." सुलक्षणा म्हणाली, होऊ दे.

विटांची खोली दिवाळीनंतर. तेव्हा बेहड्याचं काय, हे कोणी काढलं नाही. हनुमंतने मात्र मंगळवारी फीत घेऊन जागा पुन्हा मोजली, या वेळी खडकाच्या बाजूने.

तुझं पत्र काल आलं. सातविणीची गोष्ट मी सुलक्षणाला वाचून दाखवली आणि वहीत लिहिली. एकाच सहीने. गुडघ्याबद्दल तू लपवलंस, त्यावर मी तुला काही बोलू शकत नाही, माझी सुरुवात त्याहून वाईट होती. जिने मात्र पुन्हा एकटी उतरू नकोस.

आजची स्थिती अशी. रोहिणी कालपासून मागच्या खोलीत आहे. पौडच्या डॉक्टरीणबाईंनी सकाळी तपासलं, सगळं ठीक आहे, दहा-बारा दिवस म्हणाल्या. ढोलीतल्या चोची आता फटीत मावत नाहीत. बारकूच्या मते पिल्लं रविवार-सोमवारपर्यंत माती फोडतील. फुलाबाई म्हणते, त्याचा अंदाज म्हशीचा सुद्धा कधी बरोबर आलेला नाही. ती पहाटे बेहड्याकडे जाते, तिथून आमच्याकडे येते, रोहिणीच्या पोटाला हात लावते आणि चहा घेते. दोन्हीकडे अजून वेळ आहे म्हणते. मी उद्यापासून तिच्याबरोबर जाणार आहे. पिल्लं निघाली की तुला तार करीन, रोहिणी मोकळी झाली की दुसरी.

तुझा,
दयानंद